हायपो आणि आजीचा फोटो
आजीचा एक फोटो मी स्वतः डार्करूममध्ये छापला होता. आज तो कडेने पिवळा पडलाय. चूक माझीच.

लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोरा कागद हलवत राहिलं की आधी पदराचा काठ, मग डोळे उमटले. सगळ्यांना हाच क्षण जादूचा वाटतो. पण फोटोग्राफीचं घोडं इथे अडलं नव्हतं. १८०२ साली इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुड आणि हम्फ्री डेव्ही यांनी चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर पानांच्या, किड्यांच्या पंखांच्या आकृत्या मिळवल्या होत्या. त्या टिकेनात. दिवसाउजेडी आणल्या की सगळा कागद काळा! मेणबत्तीपाशी बघायच्या, परत अंधारात ठेवायच्या.

उत्तर जॉन हर्शेल यांच्याकडे होतं. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात, हे त्यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं. १८३९ मध्ये त्यांनी तोच उपाय फोटोवर केला. उजेड न लागलेले क्षार निघून गेले, चित्र राहिलं. वीस वर्षं उत्तर तयार होतं, प्रश्नच यायचा होता.

पण काम झाल्यावर हायपोलाही वाहत्या पाण्याने पूर्ण धुऊन काढावं लागतं. कागदात उरलेला हायपो पुढे चित्रातल्या चांदीवरच उलटतो. त्या रात्री मला घाई होती. जाड फायबर कागदाला तासभर पाणी द्यायचं, ते मी दहा मिनिटांत उरकलं.

आजी आता नाही. निगेटिव्ह आहे. या वेळी नळाखाली तासभर थांबणार आहे.