नको म्हणता न येणारी हजामत

आजचा भाग केसांवर आहे, आणि थोडा न्हाव्यांवर.

सलूनमध्ये 'थोडेच कमी करा' असं सांगून बसावं आणि उठताना आरशात भलताच माणूस दिसावा, हे देवगाव रंगारीत काय आणि मुंबईत काय, सारखंच. त्यावरचे उपायही सगळ्यांना पाठ आहेत. आधी नीट सांगा, मशीन कितीचं लावणार ते विचारा, आणि तरी बिघडलंच तर टोपी घाला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दोन महिन्यांत लोक विसरतात, आपणही विसरतो.

पण आपल्याकडे एक हजामत अशी होती, की जिच्यातून सावरायला वेळच मिळायचा नाही. केशवपन. ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की बाईचं डोकं भादरायचे. मुलगी दहा-बारा वर्षांची असली तरी सुटका नाही. आणि एकदा करून भागायचं नाही. केस बोटभर वाढले की न्हावी पुन्हा दारात हजर. अंगावर आलवण, डोक्यावर पदर, आणि शुभकार्यात समोर यायचं नाही. हे कुठवर? मरेपर्यंत.

याविरुद्ध लिहिणारे होते. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून बायकांना एक न्याय आणि पुरुषांना दुसरा का, असं रोखठोक विचारलं. आगरकरांनी 'सुधारक'मधून या चालीवर कोरडे ओढले. पण घरातल्या त्या मुलीचं काय? तिला कोणी विचारतच नव्हतं. ती नको म्हणाली तरी ऐकणार कोण?

मग नको म्हणू शकेल असा दुसरा माणूस त्या खोलीत कोण होता? ज्याच्या हातात वस्तरा होता तो!

इथं 1890 साल येतं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली त्याच्यामागं यांचेच कष्ट, आणि तीही याच साली. तर या लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत शेकडो न्हावी सभेला जमले. आपण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावतो हे पाप आहे, यापुढे लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. सरळ संप. पगारवाढीसाठी नाही, स्वतःच्याच एका कामाविरुद्ध.

आता जरा थांबून विचार करा. हे मुंबईतच का झालं? आपल्या भागात का नाही?

तेव्हा औरंगाबादचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पण माझ्या मते मुख्य कारण राज्य कुणाचं हे नव्हे. कारण होतं बलुतं. गावचा न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर सगळ्या घरांची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. एका मोठ्या घराला नाही म्हटलं, की वर्षाची ज्वारी धोक्यात. मुंबईत रोख पैशाचं गिऱ्हाईक होतं. एक गेलं तर दुसरं मिळायचं. शिवाय शेजारी त्याच धंद्यातले शेकडो लोक. धोकटी बाजूला ठेवायलासुद्धा पोटाला आधार लागतो, मंडळी.

त्या संपानं चाल बंद पडली का? नाही. विसाव्या शतकातही सोवळ्या बायका घरोघरी होत्या. पण 'हे धर्मकार्य आहे' या म्हणण्याला, ते काम ज्यांच्याकडून करून घेतलं जायचं त्यांनीच चारचौघांत नकार दिला होता.

राहिला प्रश्न सावरण्याचा. तो सुटायला बाईला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. वपन झालेल्या विधवेच्या वेशातच त्या बरीच वर्षं वावरल्या. मग एके दिवशी त्यांनी ठरवलं, आता केस वाढवायचे. लोकांनी नावं ठेवली. त्या डगमगल्या नाहीत. पुढं अमेरिकेलाही जाऊन आल्या, आणि 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात हे सगळं लिहून ठेवलं.

केस वाढायला काही महिने लागले असतील. तो निर्णय घ्यायला मात्र अनेक वर्षं लागली.

म्हणून पुढच्या वेळी खुर्चीत बसून तुम्ही 'दादा, बास, इतके नको' म्हणाल आणि कात्री थांबेल, तेव्हा ते थांबणं साधं समजू नका. आणि घरात जुना फोटो असेल, त्यात कपाळापर्यंत पदर ओढलेली एखादी आजी असेल, तर थोरल्यांना तिचं नाव विचारून घ्या. बऱ्याच घरांत ते नुसतं 'सोवळी आत्या' एवढंच उरलंय.

भेटू पुढच्या भागात.