चारही चाकांना ताकद, तरी गाडी उलटते कशी? चढावरच्या 'फोर बाय फोर'मागचं साधं गणित

पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर एकाच धाटणीचे व्हिडिओ फिरू लागतात. लाल मातीचा खडा चढ, चिखल उडवत वर चाललेली दणकट गाडी, बाजूला ओरडणारे मित्र. मग अचानक एक चाक हवेत उचललं जातं आणि दोन सेकंदांत गाडी कुशीवर पडते. खाली कमेंट ठरलेली असते : "फोर बाय फोर असून कशी उलटली?"

या प्रश्नातच गैरसमज आहे. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जायची ताकद वाढते, उभं राहायची नाही.

फोर बाय फोर नेमकं काय करतं?

साध्या गाडीत इंजिनची ताकद दोन चाकांना मिळते. फोर बाय फोरमध्ये ती चारही चाकांपर्यंत पोहोचते. त्यामुळे एखादं चाक घसरलं तरी बाकीची गाडीला ओढतात. 'लो रेंज' टाकला की वेग कमी होतो आणि चाकावरचा जोर वाढतो. यातली एकही गोष्ट गाडीचा तोल सुधारत नाही. उलट जिथे साधी गाडी पायथ्याशीच घसरून थांबली असती, तिथे फोर बाय फोर आणखी वर, म्हणजे जास्त धोक्याच्या जागी जाऊन पोहोचते.

तोल ठरतो दोन मापांवर

पहिलं माप म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर. दुसरं म्हणजे जमिनीपासून गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला या उंचीनं भागलं की स्थिरतेचा आकडा मिळतो. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसए गाड्यांना उलटण्याबाबतचं मानांकन देताना हाच आकडा वापरते. साध्या कारमध्ये तो साधारण १.३ ते १.५ असतो. उंच एसयूव्ही आणि पिकअपमध्ये १.० ते १.३. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटणार.

समजा, एका गाडीच्या चाकांमधलं अंतर १.५ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंचीवर आहे. आकडा येतो १.०७. म्हणजे कागदावर ही गाडी साधारण ४७ अंश आडवी कलेपर्यंत उभी राहील. आता टपावरच्या कॅरिअरवर १०० किलो सामान बांधा. गाडीचं वजन १८०० किलो धरलं, तर गुरुत्वमध्य सहा सेंटीमीटरनं वर सरकतो आणि मर्यादा ४४-४५ अंशांवर येते.

हा हिशोब सपाट जमिनीवर, न हलणाऱ्या, ताठ गाडीचा आहे. प्रत्यक्षात गाडी कलली की उताराकडच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात आणि वजन आणखी त्याच बाजूला जातं. त्यामुळे खरी मर्यादा कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच आधी येते. म्हणूनच २५-३० अंशांचा आडवा उतारसुद्धा अनुभवी चालक टाळतात.

दगड आणि चाकोरी

डोंगरातली वाट सपाट नसते. पावसाच्या पाण्यानं तिला चर पडतात, मध्येच खडक वर आलेले असतात. वरचीच गाडी २५ अंशांच्या आडव्या उतारावर चालली आहे असं समजा. वरच्या बाजूची चाकं ३० सेंटीमीटरच्या उंचवट्यावर चढली आणि त्याच वेळी खालच्या बाजूची चाकं २० सेंटीमीटर खोल चरात उतरली. दोन बाजूंत अर्ध्या मीटरचा फरक पडला. कलण्यात सुमारे १९ अंशांची भर पडून तो ४४ अंशांवर गेला. टपावर सामान असेल तर मर्यादा जवळपास संपलीच.

डॅशबोर्डवरचा किंवा मोबाईलमधला कोन दाखवणारा मीटर फक्त आत्ताचा कोन सांगतो. पुढच्या खड्ड्यातला कोन तो सांगत नाही.

सर्वात महागात पडणारी चूक : चढावर वळणं

गाडी रुंदीपेक्षा लांबीला जास्त असते. पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य मधोमध धरला, तर वरच्या गाडीची पुढे-मागे कलण्याची कागदी मर्यादा सुमारे ६० अंश येते. आडवी मर्यादा होती ४७. म्हणजे जो चढ सरळ चढताना गाडी सहज पेलते, त्याच चढावर ती आडवी झाली की उलटू शकते.

होतं असं, की अर्ध्या चढावर चाकं घसरतात किंवा इंजिन बंद पडतं. चालक घाबरतो आणि गाडी वळवून खाली न्यायला बघतो. वळताना गाडी उताराला आडवी येते, खालचं चाक चरात जातं आणि खेळ संपतो. सपाटीवर उलटलेली गाडी बहुधा कुशीवर थांबते. उतारावर तिला थांबवायला काही नसतं. ती कोलांट्या खात जाते आणि प्रत्येक कोलांटीला वेग वाढतो.

चढ अर्धवट राहिला तर?

- स्टीअरिंग सरळ ठेवून ब्रेक दाबावा, हँडब्रेकही लावावा.
- लो रेंजमध्ये रिव्हर्स गिअर टाकून, इंजिनच्या ब्रेकवर, आल्या वाटेनंच सरळ मागे उतरावं.
- क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी खाली सोडू नये. इंजिनची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो.
- इंजिन बंद असेल तर ब्रेक दोन-चारदा दाबल्यावर कडक होतो आणि स्टीअरिंगही जड जातं, हे लक्षात ठेवावं.
- आडव्या उतारावर गाडी कलू लागली तर स्टीअरिंग उताराच्या दिशेला, म्हणजे खाली वळवावं. मन वर वळवायला सांगतं. पण खाली वळवल्यानं गाडी उताराला सरळ होते आणि तोल सावरण्याची शक्यता वाढते.

आकड्यांची गल्लत

जाहिरातीत ४० अंशांच्या आसपासचा 'अप्रोच अँगल' दिसतो. अनेकांना वाटतं, गाडी तेवढा चढ चढेल. तसं नाही. पुढचा बंपर न घासता चाक किती खड्या अडथळ्याला भिडू शकेल, एवढंच तो सांगतो. तसंच १०० टक्के चढ म्हणजे ९० अंश नव्हे, ४५ अंश. ३० टक्के चढ म्हणजे जेमतेम १७ अंश.

टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते हे खरं. पण आडव्या उतारावर हवा फारच कमी असेल, तर टायर रिमवरून निसटू शकतो.

गाडी उलटलीच तर

आत सीटबेल्ट लावलेला असणं ही पहिली गरज. गाडी कलताना हात बाहेर काढून टेकू द्यायचा मोह होतो. त्यात हात कायमचा जाऊ शकतो. सुटं सामान, जॅक, पाण्याचा कॅन आधीच घट्ट बांधलेलं हवं, कारण उलटताना या वस्तू डोक्यावर आदळतात.

गाडी स्थिरावली की इग्निशन बंद करावं. उलटं लटकलेलं असताना बेल्ट सोडण्यापूर्वी एक हात छताला टेकवावा, नाहीतर मानेवर पडायला होतं. बाहेर आल्यावर गाडीच्या उताराकडच्या बाजूला कोणीही थांबू नये. कोणी जखमी असेल तर ११२ वर फोन करावा.

गाडी सरळ करताना एका बाजूनं विंच ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूनं पट्टा बांधून तिला धरून ठेवावं लागतं. नाहीतर ती पलीकडे आपटते. सरळ झाल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. पिस्टननं ते दाबायचा प्रयत्न केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिककडून सिलिंडर तपासूनच इंजिन सुरू करावं.

गाडीआधी पाय

जुने ऑफ-रोडर चढ आधी पायी चढून बघतात. चर कुठे आहे, ओली माती कुठे आहे, माथ्यापलीकडे काय आहे, हे गाडीतून दिसत नाही. बॉनेटपलीकडे फक्त आभाळ दिसतं. एक माणूस बाहेर उभा राहून चाकं कुठे टाकायची ते खुणेनं सांगतो, बाकीचे प्रवासी खाली उतरतात. टपावरचं ओझं पायथ्याशी काढून ठेवलं जातं. आणि चढून पाहिल्यावर वाट नको वाटली, तर गाडी तिथूनच परत फिरते. त्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही, पण त्या गाडीतली सगळी माणसं संध्याकाळी घरी पोहोचतात.