पाचव्या चाकाचा अर्धा इंच

पाचवं चाक म्हटलं की आपल्याला डिकीतली स्टेपनी आठवते. (हे नाव वेल्समधल्या लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलंय. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाकं बनायला लागली.) पण मंडळी, या विकांताचा विषय ती स्टेपनी नाही. इंग्रजीत ज्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात ते चाक रस्त्याला कधी लागतच नाही. ते आडवं झोपलेलं असतं आणि त्यात हवाही भरावी लागत नाही.

कंटेनर ओढणारा ट्रक ट्रेलरशिवाय उभा असलेला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पाठीवर ग्रीसने माखलेली एक जाड लोखंडी ताटली असते, घोड्याच्या नालेसारखी, मागच्या बाजूला खाच असलेली. तेच हे पाचवं चाक. ट्रेलरच्या पोटाखाली पुढच्या टोकाला एक जाडजूड खिळा असतो, तो किंगपिन. ट्रक रिव्हर्स घेतला की खिळा खाचेत शिरतो आणि आतले जबडे त्याला पकडतात. झालं! जगभर या खिळ्याची मुख्यतः दोनच मापं चालतात, दोन इंच आणि साडेतीन इंच. एवढ्याशा खिळ्यावर अख्खा ट्रेलर ओढला जातो.

आता याला 'चाक' का म्हणायचं? त्यासाठी घोडागाडीपर्यंत मागे जावं लागतं. आपल्या बैलगाडीला दोनच चाकं. बैल वळले की जू वळतं आणि जुवाबरोबर अख्खी गाडी वळते. चार चाकांच्या गाडीचं तसं नाही. तिचा पुढचा अ‍ॅक्सल सांगाड्याखाली स्वतंत्रपणे फिरायला हवा. नुसत्या मधल्या खिळ्यावर फिरवला तर गाडी वळणावर डुगडुगते. म्हणून अ‍ॅक्सल आणि सांगाडा यांच्यामध्ये एक आडवं लोखंडी कडं बसवायला लागले. चार चाकं रस्त्यावर आणि हे पाचवं पोटात.

पुढे मोटारींनी हे कडं सोडून दिलं. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने अख्खा अ‍ॅक्सल फिरवण्याऐवजी दोन्ही चाकं आपापल्या जागी फिरवायची युक्ती काढली. तिचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमनने घेतलं, आणि मेकॅनिकलची पोरं आजही 'अ‍ॅकरमन स्टीअरिंग' म्हणून पाठ करतात. कल्पना एकाची, नाव दुसऱ्याचं. आमच्या आयटीत हे नवीन नाही म्हणा!

असो. पाचवं चाक परत आलं ते १९१० च्या दशकात अमेरिकेत. तोवर घोड्यांची जागा इंजिनं घेत होती, पण मागच्या गाड्या घोड्यांच्याच जमान्यातल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या नॉक्स कंपनीतल्या चार्ल्स मार्टिनने तीन चाकी ट्रॅक्टर काढला. त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ताटली होती आणि ट्रेलरचा पुढचा भार तिच्यावर टेकत होता. अग्निशमन दलांनी जुने घोड्यांचे बंब आणि शिड्या असल्या ट्रॅक्टरला जोडल्या. मार्टिनची ताटली 'रॉकिंग' म्हणजे डोलणारी होती. रस्ते खडबडीत, ट्रॅक्टर खड्ड्यात आणि ट्रेलर उंचवट्यावर, अशा वेळी ताटली घट्ट असेल तर काहीतरी मोडणारच. म्हणजे दोन्ही भाग एका रेषेत राहणार नाहीत हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं.

त्याच काळात, १९१४ मध्ये, डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे सिब्ली नावाचा लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली बोट फोर्ड मॉडेल टी गाडीला जोडून न्यायची होती. फ्रूहॉफने दोन चाकांचा ट्रेलर करून दिला. व्यापाऱ्याने मग लाकडं वाहायलाही तसलेच मागवले. नाव पडलं 'सेमी-ट्रेलर', कारण अर्धा भार स्वतःच्या चाकांवर आणि अर्धा पुढच्या गाडीवर. १९१८ मध्ये फ्रूहॉफची रीतसर कंपनी झाली.

माल वाहणारी ही जोडणी घरं वाहू लागली ती ग्लेन कर्टिसमुळे. राइट बंधूंचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेला हा विमानवाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने 'एरोकार' नावाचा प्रवासी ट्रेलर आणला. त्याच्या जोडणीत विमानाचा टायर गाडीच्या मागच्या भागात आडवा ठेवलेला असे आणि ट्रेलरचं टोक त्याच्या मधोमध अडके. धक्के टायर खात असे. पाचवं चाक या एका ठिकाणी खरोखरचं चाक होतं! अमेरिकेत आज पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडणी बसवून जी फिरती घरं ओढतात, ती याच वंशातली.

हे सगळं खोदायचं निमित्त म्हणजे माझा कॉलेजचा मित्र. तो डेन्व्हरला असतो. त्याने नवाकोरा फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला आणि मोजून बघितलं तर हौद्यातली ताटली मध्यापासून अर्धा इंच डावीकडे! दुकानदार म्हणाला, चालतं. आई-बाबा भारतातून येणार होते, त्यांना घेऊन डोंगरात जायचं होतं. "अरे, 'चालतं' म्हणजे नक्की काय? तू सांग."

आता गणित बघा. ताटली १३ मिलिमीटर डावीकडे असेल, तर ट्रेलर ट्रकच्या १३ मिलिमीटर डावीकडून, पण समांतर धावतो. ही चूक वाढत नाही. ताटली जरा तिरकी फिरलेली असली तरी सरळ धावण्यात फरक नाही, कारण खिळा गोल आहे. पण ट्रेलरचा अ‍ॅक्सल एक अंशाने तिरका असेल तर? खिळ्यापासून अ‍ॅक्सल ७ मीटरवर धरला, तर ट्रेलरचं मागचं अंग १२ सेंटिमीटर बाजूला सरकून तिरपं धावतं. अंतर जितकं जास्त, तितकी चूक मोठी. डोळ्यांना मात्र ताटलीचा अर्धा इंच दिसतो, अ‍ॅक्सलचा एक अंश दिसत नाही.

म्हणून त्याला तीन कामं सांगितली. खिळ्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांचं अंतर मोज. बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे कसून घे. आणि ब्रॅकेट व चॅसिस यांवरून रंगाची एक आडवी रेघ मार. बसवतानाच अर्धा इंच चुकला असेल तर तो तेवढाच राहील. ब्रॅकेट सरकत असेल तर रेघ तुटेल. अंतरं जुळली, तीनशे किलोमीटरनंतरही रेघ जागेवर होती. तरी दुकानदाराकडून ते लेखी घे म्हटलं, वॉरंटीच्या वेळी तोंडी 'चालतं' कामाला येत नाही.

खरा धोका आडव्या अर्ध्या इंचात नाही, उभ्या अंतरात आहे. बाजूची चूक ताटलीची पसरट खाच सांभाळून घेते, खड्डे ताटलीचं डोलणं सांभाळून घेतं. उंचीची चूक मात्र कोणीच सांभाळत नाही. ट्रेलर जरा जास्त उंच राहिला तर खिळा जबड्यांत न शिरता त्यांच्यावर टेकतो. लिव्हर बंद झाल्यासारखा वाटतो, गाडी निघते, आणि पहिल्या चढाला किंवा धक्क्याला ट्रेलर सुटतो. शंभर वर्षांत जोडणी किती सुधारली, तरी याला उपाय जुनाच. ताटली आणि ट्रेलर यांच्यात फट नाही ना ते पाहायचं, टॉर्च घेऊन जबडा खिळ्याच्या मागे बंद झालाय का ते पाहायचं, ट्रेलरचे पाय टेकलेले असतानाच ब्रेक लावून ट्रकने हलकासा हिसका द्यायचा.

न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून उरण-पनवेलच्या रस्त्यांवर हेच पाचवं चाक कंटेनर ओढतंय. तिथे एखादा ड्रायव्हर टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलेला दिसला तर मागून हॉर्न वाजवू नका. ती दोन मिनिटं तो आपल्यासाठीही खर्च करत असतो.