जॉबर, लेबर ऑफिसर आणि बदली कामगार

आज कंपनीत काही बदलायचं असलं की 'एचआर'ची मेल येते. करोनाच्या काळात तर आपण सगळ्यांनीच हा अनुभव घेतला. पण मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर पंचाहत्तरहून अधिक वर्षं गिरण्यांमध्ये असं खातंच नव्हतं. माणसं आणायचा तो जॉबर. गावचे, नात्यातले लोक तो कामाला लावायचा, राहायला खोली बघून द्यायचा, वेळेला उधारी मिळवून द्यायचा आणि या सगळ्याची दस्तुरीही घ्यायचा. बायकांच्या बाबतीत हेच काम नायकीण करी. आपल्या गिरणीत कोण राबतं, हे मालकाला नावानिशी माहीत नसे. त्याचं काही अडतही नव्हतं म्हणा!

अडलं ते १८९६ मध्ये. त्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघड झाला आणि बघता बघता लोक कोकणात, देशावर निघून गेले. एरवी गिरणीत महिन्याचा पगार, तोही काही आठवडे अडकवून ठेवायचा रिवाज. आता मालकच रोजच्या रोज पैसे मोजायला लागले, नाक्यावर कामगारांसाठी बोली लागली. पण साथ ओसरल्यावर काय झालं? जुना रिवाज परत आला आणि जॉबरही होता तिथेच राहिला. म्हणजे संकटात जे शक्य झालं, ते टिकवायला गिरणीत कुठलीच यंत्रणा नव्हती. पगार ठरावीक मुदतीत द्यायचा, हे बंधन यायला १९३६ चा कायदा लागला.

खरा धक्का १९२८ च्या संपाने दिला. एका कामगाराने जास्त यंत्रं सांभाळायची, या बदलाला विरोध म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. पुढे व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये सांगितलं की भरती जॉबरच्या हातून काढा, लेबर ऑफिसर नेमा. १९३४ च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. मालकांच्या संघटनेनेही आपला नेमला. तेव्हा हा माणूस नक्की कुणाचा, हा प्रश्न या खात्याला जन्मापासूनच चिकटलेला आहे, असं आम्हाला वाटतं.

१९३५ मध्ये बदली कार्डं आली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं आणि कुणी गैरहजर असेल तर त्या जागी यांच्यातलाच माणूस घ्यायचा. जॉबरच्या चिरीमिरीला आळा घालायचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. जॉबर काही लगेच गेला नाही, कारण यंत्रावरची देखरेखही त्याच्याकडेच होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला.

आणि तरीही १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. १९४६ च्या कायद्यानुसार व्यवस्थापनाने बोलायचं ते मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी. कामगार तर दुसरीकडेच उभे होते. त्यांच्या मागण्यांत एक होती, बदली कामगारांना कायम करा. ज्या कार्डाने जॉबरच्या मर्जीतून सोडवायचं होतं, ते कार्ड खिशात घेऊन माणसं वर्षानुवर्षं सकाळी गेटवर उभी राहत होती, आज कुणी गैरहजर आहे का ते बघत.