माओशानच्या तिसऱ्या मजल्यावर

इसवी सन 499. दक्षिण चीनची राजधानी ज्येनखांग, म्हणजे आजचं नानजिंग, मागे टाकून तुम्ही माओशानचा डोंगर चढून आला आहात. पहाट अजून फुटायची आहे. समोर नवा तिमजली वाडा, अंगणात पाइनची झाडं. तुम्ही काळाबाहेरून आलेले, त्यामुळे तुम्ही कोणालाच दिसत नाही.

तळमजला पाहुण्यांचा. मधला शिष्यांचा. तिथे धुपाचा वास भरला आहे. अंधारात एक शिष्य पूर्वेकडे तोंड करून बसलाय आणि दातांवर दात आपटतोय : टक्, टक्, टक्. देहातल्या देवतांना जागं करण्याची ही हाक. मग डोळे मिटून तो त्या देवतांची रूपं एकेक करून मनात उभी करतो. ताओपंथीयांच्या या शांगछिंग परंपरेत देह हेच देऊळ.

आता वर चढा. तिसऱ्या मजल्यावर थाओ होंगजिंग बसले आहेत. वय चाळिशीपलीकडे. सात वर्षांपूर्वी दरबारी वस्त्रं राजवाड्याच्या दाराला अडकवून ते इथे निघून आले. दिव्यापाशी जुने कागद पसरले आहेत. वाकून पाहा, पण श्वास जपून. कागद सुमारे एकशेतीस वर्षांचे आहेत.

364 ते 370 या काळात यांग शी नावाच्या साधकाला रात्री सिद्धांची दर्शनं होत. त्यांत वेइ ह्वात्सुन ही त्याची गुरू : संसार केलेली, दोन मुलांची आई, 334 मध्ये देह ठेवलेली. ती सांगे, यांग लिहून घेई आणि लिहिलेलं आपला आश्रयदाता शू मी व त्याचा मुलगा शू ह्वेइ यांच्याकडे पोचवी. दैवी लिपी माणसाला वाचता येत नाही, म्हणून यांगने ती आपल्या अक्षरांत उतरवली, अशी श्रद्धा.

पुढे हे कागद फुटले, विखुरले. वांग लिंगछी नावाच्या एकाने शू घराण्याकडून ग्रंथ मिळवले, त्यांत स्वतःची भर घातली आणि दक्षिणा वाढवून ते लोकांना दिले. खऱ्याखोट्याची सरमिसळ झाली. थाओंनी गावोगाव हिंडून मूळ कागद जमवले, ते याच वेदनेपोटी.

ते एक चिटोरं दिव्याजवळ धरतात. शब्दांआधी वळण पाहतात. यांगचं अक्षर सर्वांत सुंदर. शू ह्वेइने तेच गिरवलेलं, पण त्याचा फटकारा धारदार. बापाचं अक्षर ओबडधोबड, म्हणून त्याने ग्रंथांच्या नकला केल्या नाहीत. हात ओळखला की कागद खरा. प्रत्येक मजकुराखाली ते बारीक अक्षरांत नोंदवतात, हा कोणाच्या हातचा.

यातूनच ‘जेनगाओ’, म्हणजे सिद्धांची वचनं, सात भागांत आकाराला येतो आहे. त्यात देवतांच्या कवितांशेजारी साधी पत्रंही आहेत. थाओ ती गाळत नाहीत. ज्या हातांनी दिव्य शब्द लिहिले, त्यांची रोजची विचारपूसही त्यांना तितकीच जपावीशी वाटते.

आता त्यांची लेखणी थबकते. समोर एक अक्षर उघड चुकलेलं आहे. दुरुस्त करायला एक फटकारा पुरे, आणि चीनमधल्या उत्तम अक्षरपारख्यांपैकी हा एक. पण ते मूळ अक्षर जसंच्या तसं उतरवतात. खाली टीप लिहितात : इथे अमुक अक्षर असावं.

लहानपणी त्यांनी धुळाक्षरं गिरवली ती राखेत, बोरूच्या काडीने. राखेतलं अक्षर फुंकरीसरशी जातं. ज्याचं बालपण अशा अक्षरांत गेलं, त्याला दुसऱ्याच्या हातचा एक फटकाराही पुसवत नाही.

बाहेर वारा सुटतो. पाइनच्या झाडांतून घुमणारा हा आवाज त्यांचा जिवाभावाचा. ते मान वर करून ऐकतात, चेहरा उजळतो. आणि ऐकता ऐकताच त्यांचा तळहात हलकेच त्या जुन्या कागदावर टेकतो, वाऱ्याने तो उडू नये म्हणून.