गोविंदराव टेंबे : चाली उरल्या, मंडळी विरली

पार्ल्याच्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथांचे नाव आहे. संगीत नाटकाची स्मृती आपण अशी गायक-नटांच्या नावानेच जपत आलो. उपनगरांतील नाट्यसंगीताच्या बैठकींत ‘मानापमाना’तील पदे हौसेने गायिली जातात आणि ओघाने बालगंधर्वांची आठवण निघते. त्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) मात्र आठवणीच्या कडेलाच उभे राहतात.

कोल्हापूरच्या वातावरणात वाढलेले टेंबे मुळात हार्मोनियमवादक. भास्करबुवा बखल्यांची साथ करता करता त्यांचा कान घडला. किर्लोस्करांच्या परंपरेत साकी-दिंडीसारखी वृत्ते व प्रचलित चाली नाटककारच प्रामुख्याने योजीत. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’साठी मात्र चाली देण्याचे काम टेंब्यांकडे आले. त्यांनी ठुमरी, गझल, दादरा यांचा पूरब ढंग मराठी पदांत आणला आणि रंगभूमीवर स्वतंत्र संगीतकाराची जागा निर्माण झाली.

पुढचे पाऊल मालकीचे होते. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ती भागीदारी टिकली नाही. टेंब्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. तिच्यासाठी नाटके लिहिली, चाली दिल्या, भूमिकाही केल्या. परंतु मुक्काम, पोशाख, पगार यांचा भार अखेर तिलाही पेलवला नाही.

हे अपयश केवळ हिशेबाचे होते असे आम्हांस वाटत नाही. टेंब्यांच्या चालींनी गायकाला विस्ताराची मोकळीक दिली. त्या मोकळिकीतूनच पद मैफल झाले आणि नाटक मागे पडले. प्रेक्षक येई तो गळ्यासाठी. म्हणजे मालकाला जो गायक हवा, त्याच्याच पुढे संगीतकाराला हात आवरता घ्यावा लागे. एकाच माणसाच्या ठायी ही दोन्ही माणसे नांदत होती.

१९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त ते हरिश्चंद्रही झाले आणि संगीतकारही. पुढे त्यांनी ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ या संगीतिका रचल्या. जेथे संगीत हेच नाटक, तेथे गाणे नाटकावर कुरघोडी करील कशी? रंगमंचावर न सुटलेला प्रश्न त्यांनी असा अखेरीस स्वतःपुरता सोडवला, असे आम्ही मानतो. त्यांची मंडळी विरली. चाली मात्र अजून दुसऱ्यांच्या नावाने नांदत आहेत.