ओल्ड्समोबिल जेटफायर : नव्या मोटारीच्या शक्तिक्षयाचा इतिहास

१९६२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोचार्जर बसविलेल्या पहिल्या प्रवासी मोटारींपैकी एक होय. तिचे इंजिन २१५ अश्वशक्तीचे होते. टर्बोचार्जरच्या दाबामुळे इंधनाचा अकाली स्फोट होऊ नये, म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडले जाई. त्याची टाकी रिकामी होताच सुरक्षा-झडप दाब रोखत असे आणि नवी गाडीही शक्तिहीन होई. अनेक मालक टाकी वेळेवर भरत नसत. म्हणजेच अशा शक्तिक्षयाचे मूळ बिघाडात नव्हे, तर देखभालीच्या अभावात होते. १९६५ मध्ये कंपनीने टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. देखभालीची सवय समाजात रुजली नाही, तर प्रगत यंत्रही माघार घेते, हे यावरून स्पष्ट होते.